ग्रीन बेल्ट, नवी घरं आणि ‘दहातले नऊ जण विरोधात’

प्रश्न आग्नेय इंग्लंडमधल्या एका खेड्यातून आला आहे. तिथल्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) लोकल प्लॅनच्या, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या आराखड्याच्या मसुद्यात गावाला लागून असलेली दोन शेतं घरांसाठी दाखवली आहेत. ती ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहरांभोवती बांधकाम रोखण्यासाठी राखलेल्या पट्ट्यात मोडतात. रहिवासी संघटनेने घरोघरी कागद वाटून सर्व्हे केला आणि उत्तर देणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण विरोधात निघाले. प्रश्नकर्त्या विचारतात: एवढा उघड विरोध असताना कौन्सिल पुढे जाऊच कसं शकतं? संघटनेच्या छापील पत्रावर सही करू का? आणि शेवटी एक वाक्य जोडलंय, जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं: ‘मुलगा तिशीला आला, भाड्याच्या एका खोलीत राहतो. त्यामुळे घरं नकोत असं म्हणायला जीभ रेटत नाही.’

पहिल्याचं उत्तर: जाऊ शकतं, आणि आजच्या नियमांत बहुतेक जाईलच. दुसऱ्याचं: छापील पत्रावर सही केलीत तर बिघडत काही नाही, पण साधतही फारसं नाही. स्वतःचं वेगळं पत्र लिहा. कसं ते पुढे सांगतो. मी इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या नियोजन खात्यांत बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक धोरण विभागात. म्हणजे लोकांच्या हरकती-सूचना वाचायच्या, त्यांचा गोषवारा काढायचा आणि पुढे आराखडा तपासायला सरकारने नेमलेल्या इन्स्पेक्टरच्या सुनावणीत कौन्सिलच्या बाजूने बसायचं. तेव्हा हे सगळं टेबलाच्या त्या बाजूने दिसलेलं आहे, हे धरून वाचा.

हरकती वाचताना डोकी मोजली जात नाहीत. चारशे जणांनी एकच मजकूर पाठवला तर अहवालात तो एका ओळीत येतो: ‘ग्रीन बेल्टवर बांधकाम नको, ४०० निवेदनं’. त्याच्या खालच्या ओळीत एकट्या बाईंचं पत्र असतं: ‘या शेतातून शाळेकडे जाणारी पायवाट नकाशात दाखवलेली नाही आणि नवा रस्ता तिला बरोबर मधे कापतो.’ या दुसऱ्या ओळीसाठी मला रस्ते विभागाला फोन करावा लागतो, जागेवर जाऊन यावं लागतं, कधी आराखड्यातलं कलम बदलून लिहावं लागतं. पहिल्या ओळीचं उत्तर तयारच असतं. हे ऐकून लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. पण लोकल प्लॅन म्हणजे मतदान नव्हे. घरांची गरज नीट हिशेबात धरली का, इतर पर्याय तपासून ही निवड केली का, आराखडा प्रत्यक्षात उतरेल का, राष्ट्रीय धोरणाशी जुळतो का, मुख्यतः हेच इन्स्पेक्टर पाहतात. गावाला तो पसंत आहे का, हा निकष त्यात कुठेच नाही. घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, ही कारणं तर कायद्याने विचारातच घेतली जात नाहीत. आणि खरं सांगायचं तर निम्मी पत्रं त्यावरच असतात.

मग लोकमताला किंमतच नाही का? आहे, भरपूर आहे. ती मतपेटीतून वसूल होते. ऑगस्ट २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने नियोजनाची व्यवस्था मुळापासून बदलणारी श्वेतपत्रिका काढली. पुढच्या जूनमध्ये चेशम आणि अ‍ॅमरशम या मतदारसंघात पोटनिवडणूक आली. चिल्टर्नच्या टेकड्या, भोवती ग्रीन बेल्ट, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं १६ हजारांवर मताधिक्य. ती जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी ८ हजारांच्या फरकाने घेतली. एचएस२ रेल्वेमार्गाचा रागही त्यात होता, पण सत्ताधारी खासदारांनी धसका घेतला तो घरांचाच. श्वेतपत्रिका बारगळली. डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात कौन्सिलांना दिलेले घरांचे आकडे सल्ल्यापुरते उरले आणि ग्रीन बेल्टच्या हद्दी तपासायची सक्तीही गेली. वर्षभरात पारडं फिरलं. जुलै २०२४ मध्ये लेबर सरकार आलं ते एका संसदेच्या मुदतीत १५ लाख घरांचं वचन देऊन, आणि डिसेंबर २०२४ च्या धोरणाने आकडे पुन्हा बंधनकारक केले. आता प्रत्येक कौन्सिलचा हिशेब तिथल्या एकूण घरांच्या ०.८ टक्क्यांपासून सुरू होतो आणि घरं जितकी पगाराच्या आवाक्याबाहेर, तितका आकडा वर जातो. तुमच्या भागात घरं महाग आहेत, म्हणून तुमच्या कौन्सिलचा आकडा मोठा आहे. त्यात तिथल्या नगरसेवकांचा काही हात नाही.

याच ओढाताणीत अनेक कौन्सिलांनी वारं कुठे वळतंय ते पाहू म्हणून आराखडे थांबवून ठेवले. विरोधकांना तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात आराखडा रखडला की कौन्सिलला दाखवावा लागणारा, पाच वर्षं पुरतील इतक्या जागांचा हिशेब कोलमडतो, आणि तो कोलमडला की डेव्हलपर स्वतःच्या पसंतीची शेतं घेऊन येतात. पूर्वी अशा वेळी निदान ग्रीन बेल्टची ढाल तरी असायची. आता तीही अर्धीमुर्धी राहिली आहे. त्याकडे येतो, पण आधी तुमच्या सर्व्हेकडे.

दहातले नऊ, पण कोणातले दहा? ज्यांनी कागद भरून परत दिला त्यांच्यातले. कागद भरतो तो ज्याला काही गमवायचं आहे तो. हा दोष तुमच्या संघटनेचा नाही, कौन्सिलच्या कन्सल्टेशनलाही हीच खोड आहे. मी पाहिलेल्या बैठकांत समोर बहुतेक निवृत्तीच्या वयाची, स्वतःच्या घरात राहणारी माणसं असत. तुमचा मुलगा तिथे नसतो. त्या नव्या घरांत उद्या जे राहतील ते तर नसतातच, कारण आपण तिथे राहणार आहोत हे अजून त्यांनाच ठाऊक नसतं.

नमुना नीट निवडून देशभर केलेल्या पाहणीत चित्र वेगळं दिसतं. ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ ही जुनी, विश्वासाची पाहणी. ‘तुमच्या भागात आणखी घरं बांधायला पाठिंबा द्याल का?’ या प्रश्नाला इंग्लंडमध्ये २०१० साली २८ टक्क्यांनी हो म्हटलं आणि ४६ टक्क्यांनी नाही. २०१४ पर्यंत हो म्हणणारे ५६ टक्के झाले, नाही म्हणणारे २१ टक्क्यांवर आले. २०१८ मध्येही पाठिंबा ५७ टक्के होता. २०१० ते २०१४, चार वर्षांत दुप्पट! माणसं तीच, गावं तीच. लोकांच्या मुलाबाळांना घरं परवडेनाशी झाल्याचं घराघरांत दिसू लागलं. १९९७ साली इंग्लंडमध्ये मधल्या किमतीचं घर मधल्या वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीन पट होतं, २०२४ मध्ये ते ७.७ पट होतं. आणि भाडेकरू या पाहणीत घरमालकांपेक्षा नेहमीच जास्त अनुकूल दिसतात.

आता दुसरी पाहणी घ्या. ग्रीन बेल्टच्या धोरणाला ६० वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, सीपीआरई या ग्रामीण भाग जपणाऱ्या संस्थेने इप्सॉस मोरीकडून लोकांना विचारून घेतलं. ६४ टक्के म्हणाले, आहे तो ग्रीन बेल्ट राखा, त्यावर बांधू नका. दोन्ही आकडे खरे आहेत. लोकांना जवळपास घरं हवी आहेत आणि ग्रीन बेल्टला हात लावायला नको आहे. यात ढोंग आहे असं म्हणणारे माझे काही सहकारी होते, मला ते कधी पटलं नाही. ‘ग्रीन बेल्ट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते ओकची झाडं, मेंढ्या आणि कुरण. कोणाला ते बुडवायचं असेल? फक्त ग्रीन बेल्ट म्हणजे तेवढंच नव्हे, आणि कित्येकदा ते मुळीच नव्हे.

इंग्लंडच्या सुमारे साडेबारा टक्के जमिनीवर ग्रीन बेल्ट आहे, म्हणजे साधारण १६ लाख हेक्टर. घरं, रस्ते, कारखाने धरून प्रत्यक्ष बांधलेली जमीन २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ८.७ टक्के. बांधलेल्यापेक्षा बांधायला बंदी असलेली जास्त, हे सांगितलं की सभागृहात लोक एकमेकांकडे बघतात. ही जमीन सुंदर असावी, तिथे पक्षी असावेत, लोकांना फिरता यावं, अशी कुठलीच अट ग्रीन बेल्टला नाही. निसर्गासाठी वेगळी संरक्षणं आहेत. ग्रीन बेल्टचे हेतू पाच: मोठ्या शहराला अस्ताव्यस्त पसरू न देणं, शेजारची शहरं एकमेकांना चिकटू न देणं, मोकळ्या ग्रामीण भागावर अतिक्रमण रोखणं, ऐतिहासिक शहरांभोवतीची पार्श्वभूमी जपणं आणि शहरातल्याच पडीक जागा वापरायला भाग पाडणं.

लंडनच्या उत्तर टोकाला एनफिल्डमध्ये क्रूज हिल आहे. स्टेशन आहे, गाडी थेट मध्य लंडनला जाते. बाहेर पडलं की रस्त्याकडेला गार्डन सेंटर, नर्सऱ्या, काचघरं, कुंपणं, गाड्या लावायच्या जागा. हा ग्रीन बेल्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारच्या न्यू टाउन्स टास्कफोर्सने नव्या शहरांसाठी सुचवलेल्या बारा जागांत चेस पार्कसह क्रूज हिल आहे. तिथेही विरोध आहे आणि सगळाच उगाच नाही. पण ज्यांनी कधी तिथे पाय ठेवला नाही त्यांच्या मनात ‘ग्रीन बेल्ट’ या शब्दाने जे चित्र उभं राहतं, ते तिथे उतरल्यावर सापडत नाही. तुमच्या गावाजवळची दोन शेतं कशी आहेत ते तुम्हाला माहीत, मला नाही. जाऊन बघा. फाटकाशी उभं राहून नव्हे, आत जाणारी वाट असेल तर आतून.

इतिहासातला एक धागा मात्र चर्चेत सारखा सुटतो. लंडनभोवती ग्रीन बेल्ट आखणाऱ्या पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या १९४४ च्या आराखड्यात बेल्टच्या पलीकडे नव्या शहरांचं कडंही होतं. इकडे अडवायचं तर तिकडे सोय करायची, असा तो जोडीचा विचार. १९४६ चा न्यू टाउन्स कायदा, त्याच वर्षी स्टीव्हनेज, मग हार्लो, हेमेल हेम्पस्टेड. १९५५ मध्ये गृहनिर्माण मंत्री डंकन सँडिस यांनी परिपत्रक काढून देशभरच्या कौन्सिलांना ग्रीन बेल्ट आखायला सांगितलं. पुढे नवी शहरं वसवायचं काम थांबलं आणि बेल्ट मात्र वाढत राहिला. घरांची मागणी कुठे गेली नाही. ती बेल्टवरून उडी मारून पलीकडच्या गावांत उतरली, आणि ती माणसं आता रोज गाडीने बेल्ट ओलांडून कामाला जातात. आज दोन्ही बाजू यातला आपल्याला सोयीचा अर्धा भाग घेऊन भांडतात, याचा मला खरोखर कंटाळा येतो.

आता नवे नियम, कारण तुमच्या शेतांचं भवितव्य त्यावर आहे. डिसेंबर २०२४ पासून ‘ग्रे बेल्ट’ नावाचा वर्ग आला: ग्रीन बेल्टमधली आधी बांधकाम झालेली किंवा इतर कोणतीही जमीन, जी शहराचा पसारा रोखणं, शहरं चिकटू न देणं आणि ऐतिहासिक शहरांची पार्श्वभूमी जपणं यांपैकी एकाही हेतूला जोरकस हातभार लावत नाही. पाचातले तीनच धरलेत, हे लक्षात घ्या. ग्रामीण भागावरचं अतिक्रमण या कसोटीत नाही. त्यामुळे हिरवंगार शेतही ग्रे बेल्ट ठरू शकतं. कौन्सिलकडे पाच वर्षांच्या जागा नसतील, ठिकाण सोयीचं असेल आणि घरं बांधणारा ठरावीक अटी पाळत असेल, तर अशा जागेवरचं बांधकाम ग्रीन बेल्टच्या विरोधात धरलंच जात नाही. अटी अशा: परवडणाऱ्या घरांचा वाटा नेहमीच्या धोरणापेक्षा १५ टक्के गुणांनी जास्त, कमाल ५० टक्क्यांपर्यंत, रस्ते, शाळा वगैरेंची आवश्यक सुधारणा, आणि लोकांना वापरता येईल अशी हिरवी जागा.

आणि तुमच्या संघटनेच्या पत्रात बहुधा पहिलाच मुद्दा असेल की ‘आमचं गाव शेजारच्या गावाला जाऊन भिडेल’. फेब्रुवारी २०२५ च्या सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की चिकटू न देण्याचा हेतू शहरांपुरता आहे, खेड्यांना तो लागू नाही. आणि पसारा रोखण्याच्या हेतूतही खेडं ‘मोठा बांधीव भाग’ धरलं जात नाही. म्हणजे सगळ्यांनी मनापासून लिहिलेला सगळ्यात लोकप्रिय मुद्दा ग्रे बेल्टच्या कसोटीवर वायाच जातो. तो भूदृश्य किंवा गावाचं वेगळेपण या अंगाने मांडता येतो, पण तसा मांडायला हवा.

विरोधाच्या मुळाशी काय असतं, ते मला एका गावच्या सभागृहात नीट कळलं. आम्ही नकाशाचे फलक लावले होते, लोकांना चिकटवायला रंगीत ठिपके दिले होते. एक वयस्कर गृहस्थ ठिपका हातात धरून बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर त्यांनी नकाशावर प्रस्तावित जागा सोडून भलतीकडेच बोट ठेवलं: गावातल्या आधीच्या वसाहतीतला एक चौकोन. ‘इथे सर्जरी होणार होती,’ म्हणाले. सर्जरी म्हणजे इथे डॉक्टरांचा दवाखाना. वसाहत मंजूर करताना त्यासाठी जागा राखली होती. कित्येक वर्षं तिथे कुंपण आणि फलक होता, मग फलक गेला, मग तिथे फ्लॅट झाले. ‘तुम्ही आता या नकाशावर परत तोच दवाखान्याचा क्रॉस काढलाय.’ त्यांनी ठिपका चिकटवला नाही, माझ्या हातात देऊन गेले.

त्यांची तक्रार घरांबद्दल नव्हतीच. घडतं ते असं: मंजुरीसोबत कौन्सिलशी होणाऱ्या सेक्शन १०६ च्या करारात डेव्हलपर जागा किंवा पैसे देतो, पण डॉक्टर नेमणं ना त्याच्या हातात, ना कौन्सिलच्या. ते एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं काम. एनएचएसला तिथे छोटी सर्जरी चालवणं परवडत नसेल तर जागा पडून राहते, आणि करारात घातलेली मुदत संपली की न वापरलेले पैसे डेव्हलपरला परत जातात. खोटं कोणीच बोललेलं नसतं, तरी गावाच्या दृष्टीने ती फसवणूकच. वर सांगितलेल्या ब्रिटिश पाहणीतही, घरांबरोबर काय आलं तर पाठिंबा द्याल असं विचारल्यावर लोक नोकऱ्या, दवाखाने आणि वाहतूक हेच सांगतात. माझ्या मते स्थानिक विरोधातला मोठा वाटा या मोडलेल्या शब्दांचा आहे, आणि सरकार कितीही आकडे बंधनकारक करो, हा भाग त्याने सुटणार नाही.

म्हणून तुमच्या पत्रात घरं हवीत की नकोत यावर शाई घालवू नका. तुम्हाला दोन्ही वाटतंय, तसंच लिहा. मुलाची गोष्टही लिहा. विरोधाच्या ढिगात असं एखादं पत्र गरजेचा पुरावा म्हणून उठून दिसतं. तो स्वतःही लिहू शकतो, त्या कौन्सिलच्या हद्दीत राहण्याची अट नाही. मग अटींवर या. परवडणारी घरं किती, त्यातली भाड्याची किती. किती घरं झाल्यावर सर्जरी आणि रस्त्याची सुधारणा पूर्ण झालेली असलीच पाहिजे, हा आकडा आराखड्यातल्या त्या जागेच्या कलमातच घाला असं मागा. पुढच्या करारावर सोडू नका. सर्जरी होणार म्हणताय तर एनएचएसचं लेखी म्हणणं कुठे आहे, ते विचारा. पाणी तुंबत असेल तर तारखेसह फोटो जोडा. शेतजमीन उत्तम प्रतीची, म्हणजे श्रेणी १, २ किंवा ३ए असेल तर तेही लिहा. आणि ग्रीन बेल्ट आधी कुठे मोडायचा याचा क्रम धोरणातच आहे: प्रथम बांधकाम झालेली जमीन, मग उरलेला ग्रे बेल्ट, मग बाकीचा. तुमच्या परिसरात जुनी शेड, डेपो, बंद पडलेली नर्सरी असूनही तुमची शेतं आधी घेतली असतील, तर तो मुद्दा चारशे सह्यांपेक्षा जड आहे.

गावाला दुसरा मार्गही खुला आहे. स्थानिक गरजेपुरती मोजकी परवडणारी घरं ग्रीन बेल्टमध्येही चालतात. गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलला गरजेची पाहणी करून, गावाशी नातं असलेल्यांसाठी अशी छोटी जागा पुढे आणता येते. वेळखाऊ काम आहे आणि त्याने दोन शेतांचा प्रस्ताव टळणार नाही, पण तुमच्या मुलासारख्यांचा विचार त्यात आधी होतो.

सध्याचा टप्पा कोणता आहे ते कौन्सिलला विचारा. जुन्या पद्धतीने चाललेल्या आराखड्यात रेग्युलेशन १८ चा, म्हणजे सुरुवातीच्या मसुद्याचा टप्पा असेल तर मसुदा अजून मऊ आहे, कौन्सिल स्वतः बदल करू शकतं. रेग्युलेशन १९ चा, म्हणजे अंतिम मसुद्याचा असेल तर तुमचं पत्र कौन्सिलमार्फत इन्स्पेक्टरकडे जातं, आणि फॉर्मवर ‘सुनावणीत सहभागी व्हायचं आहे का’ असा चौकोन असतो. आराखड्यात बदल मागणाऱ्याला तिथे बोलण्याचा हक्क आहे. वकील लागत नाही. टेबलाभोवती खुर्च्या, समोर नावाची पाटी, आणि तुमचं म्हणणं आधीच वाचून आलेले इन्स्पेक्टर. त्यामुळे पत्र वाचून दाखवू नका. आराखड्यातलं कोणतं कलम, त्यातले कोणते शब्द काढायचे आणि त्या जागी कोणते घालायचे, ते लिहून न्या.